चेंडू कडेला लागला होता

संपादकांनी केबिनमध्ये बोलावून आधी चहा मागवला, तेव्हाच ती सावध झाली. हा माणूस कारणाशिवाय कुणाला चहा पाजत नसे. झालंही तसंच. दैनिकाचं क्रीडा पान बंद होणार होतं. फुटबॉलची लीग, शाळांच्या स्पर्धा, सायकलच्या शर्यती, ज्यांच्यामागे तिनं उमेदीची सगळी वर्षं उन्हातान्हात घातली होती, ते सगळं एका कप चहात बुडालं.

"तुला काढत नाहीये," संपादक म्हणाले. "उलट आरामाचं काम देतोय. शहराबाहेर ती निवृत्तांची वसाहत आहे ना, तिचं साप्ताहिक आपणच काढून देतो. त्यात खेळांचा रकाना सुरू करायचाय. म्हातारी माणसं आहेत, गोड गोड लिहायचं, फोटो लावायचे. कुणाची कटकट नाही."

"म्हणजे खेळांचा रकाना की करमणुकीचा?"

"तेच ते," संपादक म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

अशी ती त्या वसाहतीत आली. बैठी घरं, प्रत्येक दाराला पायऱ्यांऐवजी उतार, उताराला कठडा, न्हाणीघरापासून वाचनालयापर्यंत भिंतींना धरायच्या दांड्या. मधोमध क्रीडागृह. आत लाकडी जमिनीच्या पॉलिशचा आणि दुखऱ्या गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा मिळून एक वास. दोन टेबल टेनिसची टेबलं, एक बॅडमिंटनचं कोर्ट, कोपऱ्यात बुद्धिबळवाल्यांची खुर्च्यांवरून चालणारी कायमची भांडणं. तिचं नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. पहिल्याच दिवशी ती 'पेपरवाली' झाली.

पहिले काही आठवडे तिनं सांगितलं तसं लिहिलं. 'सळसळता उत्साह', 'तरुणांना लाजवेल अशी चपळाई', 'वय हा केवळ आकडा'. नळ सोडावा आणि बादली भरावी तसा मजकूर भरायचा. लिहिताना तिला स्वतःची शिसारी येई. पण नोकरी ती नोकरी, म्हणून ती गप्प होती.

मग एका सकाळी क्रीडागृहाच्या दारातच एक उंच, काटक बाई तिच्या वाटेत उभी राहिली. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेली, लग्नाच्या फंदात न पडलेली, डावखुरी. सगळी वसाहत तिला ऑपरेटरबाई म्हणायची. आवाज असा, की कुजबुजली तरी पलीकडच्या रांगेत ऐकू जावं. हातात साप्ताहिकाची सुरळी.

"हे तू लिहिलंस? 'हसतमुख आजींनी सामन्यात रंगत आणली.' कोण आजी? मला नातवंडं कुठनं आली?"

"तसं नाही बाई, आदरानं म्हणतात तसं..."

"आणि हसतमुख कोण? मी हरले होते. सपाटून हरले. तोंड एवढंसं झालं होतं माझं. ते कुठंय ह्यात? गुण कुठं आहेत? मी का हरले, ते कुठंय?"

"वाचणाऱ्यांना वाईट वाटेल म्हणून नाही लिहिलं."

"मला वाटलंच होतं की वाईट! हरल्यावर वाटतंच. फुटबॉलवर लिहायचीस तेव्हा 'हसतमुख गोलरक्षकानं चार गोल खाल्ले' असं लिहायचीस का गं?"

पेपरवालीच्या कानाची पाळी तापली. परतताना बसमध्ये ती मनातल्या मनात त्या बाईशी तावातावानं भांडत होती. खडूस, आगाऊ, हिला कुणी विचारलं होतं! पण घर येईपर्यंत रागाला हळूहळू लाजेची किनार लागली. बाई खोटं काय बोलली होती?

पुढच्या सामन्याचं वृत्त तिनं फुटबॉलचं लिहायची तसं लिहिलं. गुणांसकट. 'ऑपरेटरबाईंची सर्व्हिस भेदक, पण बॅकहॅंड कच्चा. प्रतिस्पर्ध्याला हे कळायला पहिला गेम पुरला.' छापण्याआधी मजकूर तपासणाऱ्या वसाहतीच्या मॅनेजरनं नाक मुरडलं, पण जाऊ दिलं. ऑपरेटरबाईंनी वाचलं, "बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवसापासून भिंतीवर चेंडू मारून मारून बॅकहॅंड घोटायला लागल्या. रोज. शेजारच्यांनी तक्रार करेपर्यंत.

टेबल टेनिसच्या वार्षिक स्पर्धेत त्या अंतिम फेरीला पोचल्या, त्याचं पेपरवालीला म्हणूनच आश्चर्य वाटलं नाही.

समोर होते डॉक्टरसाहेब. मोठे सर्जन म्हणून निवृत्त झालेले, पांढरेशुभ्र केस, इस्त्रीची पॅंट, क्रीडा समितीचे अध्यक्ष. सलग कितीतरी वर्षं कप त्यांच्याकडेच. माणूस गोड बोलणारा. कुणाची साखर वाढली, कुणाचा पाय सुजला, सगळ्यांना धावून जाणारा. त्यामुळे वसाहतीत त्यांच्याविरुद्ध ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. पंचाच्या खुर्चीवर बसले होते समितीचे सेक्रेटरी, ज्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरसाहेबांनीच केलं होतं.

सामना झाला मात्र बघण्यासारखा. दोघांनाही धापा लागलेल्या, पण माघार कुणाचीच नाही. निर्णायक गेममध्ये ऑपरेटरबाई दहा, डॉक्टरसाहेब नऊ. एक गुण, की कप बाईंचा. प्रेक्षकांतल्या काठ्या जमिनीवर टेकायच्या थांबल्या.

बाईंनी बॅकहॅंडच मारला. चेंडू तिरका गेला, डॉक्टरसाहेबांच्या उजव्या कोपऱ्यात टेबलाच्या वरच्या कडेला टिच करून घासला आणि दिशा बदलून खाली गेला. डॉक्टरसाहेबांची बॅट, चेंडू जिथे असायला हवा होता तिथून हवेत फिरली.

कडेला लागलेला चेंडू म्हणजे धडधडीत गुण. पेपरवाली त्याच कोपऱ्याशी बसलेली होती. तिनं आवाज ऐकला, चेंडू वळलेला पाहिला. आणि आणखीही एक पाहिलं: डॉक्टरसाहेबांची नजर क्षणभर त्या कडेवर गेली, मग सेक्रेटरींवर गेली, आणि तिथेच थांबली.

"बाहेर," सेक्रेटरी म्हणाले. "दहा-दहा."

"कडेला लागला!" ऑपरेटरबाई कडाडल्या. "डॉक्टर, तुमच्या पुढ्यात लागला. सांगा त्यांना!"

डॉक्टरसाहेब हसले. दोन्ही हात पसरले. "पंचांचा निर्णय अंतिम असतो, बाई."

बाईंनी बॅट टेबलावर आपटली. जे बोलल्या ते छापण्यासारखं नव्हतं. "अगंबाई, ह्या वयात असं शोभतं का!" असं कुणीतरी म्हणालं आणि ते वाक्य खुर्च्यांखुर्च्यांतून फिरलं. पुढचे दोन गुण बाईंनी रागाच्या भरात फुकट घालवले. टाळ्या झाल्या.

बाईंनी हस्तांदोलन केलं नाही. त्या पंचांच्या खुर्चीपुढे जाऊन उभ्या राहिल्या, तेवढ्यात मॅनेजरनं खूण केली आणि नर्स धावत आली. दोघांनी मिळून बाईंना खुर्चीत बसवलं. दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला, फुसफुस हवा भरली.

"वाढलंय," नर्स म्हणाली. "शांत व्हा हं, आजी. दीर्घ श्वास घ्या."

"मला काही झालेलं नाही! मला राग आलाय!"

"हो हो. गोळी घ्या बघू."

पेपरवालीनं मैदानावर अशी शेकडो भांडणं पाहिली होती. पंचाच्या अंगावर धावून जाणारे कप्तान, बूट फेकणारे प्रशिक्षक. त्यांना कुणी गोळी दिली नव्हती. त्यांचा राग हा राग होता. ह्या बाईचा राग म्हणजे आजार. तिच्या हातातलं पेन इतकं घट्ट दाबलं गेलं, की टोपण तडकलं.

दुसऱ्या दिवशी बाईंची भाची आली. मॅनेजरनंच फोन करून बोलावली होती. "मावशी, अगं खेळ म्हणजे जिवापेक्षा मोठा का? उद्या काही झालं तर?" असं डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, आणि बॅट पिशवीत घालून घेऊन गेली. तिचाही बिचारीचा हेतू वाईट नव्हता. ह्या सगळ्या प्रकरणात वाईट हेतूचं कुणी सापडतच नव्हतं, आणि त्यानंच पेपरवालीचा जास्त जळफळाट होत होता.

तिनं वृत्त लिहिलं. 'निर्णायक क्षणी चेंडू कडेला लागला होता. पंचांनी तो बाहेर दिला.' मॅनेजरनं ते वाचून कागद दोन बोटांनी बाजूला सारला.

"मॅडम, हे वर्ल्ड कप नाहीये. इथे लोक शेवटचे दिवस आनंदात घालवायला येतात."

"शेवटचे दिवस असले तरी गुण गुणच असतो, सर."

"संपादकांशी बोलतो," मॅनेजर म्हणाला.

अंक छापून आला तेव्हा त्यात होतं: 'अंतिम सामना खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला. विजेते व उपविजेत्या दोघांनीही खिलाडूवृत्तीचं दर्शन घडवलं.' खाली तिचं नाव. ठळक.

ऑपरेटरबाईंनी ह्या वेळी अंकाची सुरळी केली नव्हती. घडी उलगडून, पान तिच्यासमोर धरून त्या उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत.

"तुला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तुझं तोंड बघितलं होतं तेव्हा. तुला दिसलं होतं."

"मी लिहिलं होतं, बाई. त्यांनी बदललं."

"नाव तुझं आहे."

पेपरवाली संपादकांना फोनवर वाट्टेल ते बोलली. ते म्हणाले, "अगं, किती मनाला लावून घेतेस!" घरी नवराही तेच म्हणाला, "एका चेंडूसाठी कशाला रक्त आटवतेस?" तिनं ताट बाजूला सारलं. "चेंडू एवढासाच असतो. सगळा खेळ त्याच्यावरच चालतो," म्हणाली आणि उठून गेली.

मग तिनं ते केलं, जे बातमीदारानं मुळात आधीच करायचं असतं. थेट माणसाला जाऊन विचारलं. 'विजेत्याशी गप्पा' असं गोडसं नाव दिल्यावर डॉक्टरसाहेब लगेच तयार झाले. खिडकीशी बसून त्यांनी स्वतः कॉफी ओतली. मधेच त्यांनी हिरवळीपलीकडे काम करणाऱ्या माळ्याला हाक मारली, "अरे, ते टोकाचं रोप तिरकं लागलंय, सरळ कर!" माळ्यानं जवळ जाऊन पाहिलं, आणि खरंच सरळ केलं.

"डॉक्टरसाहेब, तो शेवटचा चेंडू," ती म्हणाली. "कडेला लागलेला तुम्हाला दिसला का?"

त्यांचा हात कपाशी थोडा थांबला. मग ते मनमोकळं हसले. "अगं मुली, वय बघ माझं. ह्या डोळ्यांना आता एवढासा चेंडू कुठला दिसायला? सगळं धुकंच असतं समोर. अंदाजानं मारतो, लागतो!"

"हे असंच छापू?"

"छाप की. लोकांना गंमत वाटेल."

बरोबर. म्हातारपण ही ह्या माणसाची ढाल होती. बाईंच्या अंगावर तेच म्हातारपण फेकून त्यांना खुर्चीत बसवलं होतं, आणि हे साहेब त्याच्याआड लपून कॉफी पीत होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज गोड ठेवून तिनं आभार मानले.

मॅनेजरनं मजकूर वाचला. "वा! केवढा विनय आहे ह्या माणसात! असं लिहीत जा," म्हणाला आणि एक अक्षरही न बदलता पुढे पाठवला. वाक्य शीर्षकातच गेलं: 'डोळ्यांसमोर धुकं, तरीही कप माझाच!'

तिला एवढंच हवं होतं, की ते वाक्य त्या कपाच्या फोटोशेजारी छापलेलं असावं. डॉक्टरसाहेबांच्या गाडीचा विचार तिच्या डोक्यात नव्हता, हे पुढे कुणालाच पटलं नाही.

वसाहतीत स्वतः गाडी चालवणारे फार थोडे. डॉक्टरसाहेब त्यांतले. रोज सकाळी ते शहरात जात, मित्रांत बसत, स्वतःच्या मर्जीनं परत येत. अंक त्यांच्या मुलानं वाचला आणि तो कामधंदा सोडून आला. पेपरवाली पुढच्या मजकुरासाठी कार्यालयात गेली, तेव्हा मॅनेजरच्या टेबलावर गाडीची किल्ली पडलेली होती, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मॅनेजर, आणि मधे डॉक्टरसाहेब लालबुंद होऊन बसलेले.

"आम्हाला कल्पनाच नव्हती हो, की दृष्टी इतकी गेलीय," मुलगा मॅनेजरला सांगत होता. "ते लपवत असणार. ह्या वयात लपवतातच."

"मला सगळं दिसतं!" डॉक्टरसाहेब गरजले.

"बाबा, तुम्ही शांत बसा. आम्ही बोलतोय ना."

"किल्ली ऑफिसातच राहू दे," मॅनेजर मुलाला म्हणाला. "आम्ही काळजी घेऊ. साहेब, तुम्ही चिडू नका, त्रास होईल." आणि त्यानं दाराकडे बघून खूण केली. नर्स पट्टा घेऊन आत आली.

खरं तर पेपरवालीला आनंद व्हायला हवा होता. काट्यानं काटा निघाला होता. पण त्या म्हाताऱ्या दंडाभोवती पट्टा गुंडाळला जाताना पाहून तिला भलतंच झालं. तिला मुलाचा राग आला, मॅनेजरचा आला, त्या फुसफुसणाऱ्या यंत्राचा आला.

"ते समोर बसलेत," ती मुलाला म्हणाली. "त्यांच्याबद्दल काय बोलताय? त्यांना विचारा."

"ही! हीच ती!" डॉक्टरसाहेबांनी तिच्याकडे बोट रोखलं. "हिनं घात केला माझा!"

"मी तुमचं वाक्य छापलं, साहेब. तुम्हाला विचारून."

"ते मी गमतीनं म्हटलं होतं!"

"मग डोळे तपासा ना," असा आवाज व्हरांड्यातून आला. ऑपरेटरबाई दारात उभ्या होत्या. त्या कधी आल्या कुणाला कळलं नव्हतं. पण आवाज मात्र आता आजूबाजूच्या सगळ्या खोल्यांत कळला. "एवढं काय त्यात? डोळे खराब निघाले तर किल्ली ऑफिसची. चांगले निघाले, तर चेंडू दिसला होता. दोन्हीकडून तुम्ही कसे सुटाल, डॉक्टर?"

नर्सनं पट्टा सोडला. डॉक्टरसाहेबांनी किल्लीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"लागला होता," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"कडेला लागला होता. मला दिसलं होतं."

संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये ते स्वतःहून उभे राहिले. माईक हातात घेताच त्यांच्यात पूर्वीचं पाणी आलं. "मित्रहो, मन खात होतं," अशी त्यांनी सुरुवात केली. खेळ, प्रामाणिकपणा, आयुष्याची संध्याकाळ, सगळं आलं. मग म्हणाले, "तो गुण बाईंचा होता. माझी इच्छा आहे की आम्ही सामना पुन्हा खेळावा."

हॉल टाळ्यांनी दणाणला. "केवढं मोठं मन!" बायकांनी डोळे टिपले. सेक्रेटरी तर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

ऑपरेटरबाई पुढे गेल्या. त्यांना माईक लागला नाही.

"टाळ्या कशाला वाजवताय?" त्या म्हणाल्या. टाळ्या विरल्या. "चोरानं चोरीचा माल परत केला, तर त्याला हार घालता का तुम्ही? आणि पुन्हा खेळायचं कशाला? सामना संपलाय. अकरा-नऊ. मी जिंकले. हे त्या दिवशीच माहीत होतं ह्यांना, आणि मला तुम्ही गोळी दिलीत."

कुणीतरी हळूच म्हणालं, "जाऊ द्या हो बाई, आता ह्या वयात..."

"ह्या वयातच!" त्या गर्रकन वळल्या. "नाहीतर कधी? कप द्या माझा. आणि भाचीला फोन लावा, माझी बॅट आणून दे म्हणावं."

कप काचेच्या कपाटात होता. किल्ली शोधण्यात मॅनेजरची तारांबळ उडाली. बाईंनी कप बगलेत मारला आणि उरलेलं जेवण खोलीत पाठवा असं सांगून त्या चालत्या झाल्या. डॉक्टरसाहेब माईक धरून तसेच उभे होते. तो कुणाच्या हातात द्यावा ते त्यांना कळेना.

पेपरवाली बाईंच्या मागे धावत व्हरांड्यात गेली. "बाई, छापायला काहीतरी सांगा. कसं वाटतंय?"

"राग आलाय."

"अजून?"

"अजून. जिंकल्यावर त्या टेबलापाशी जो आनंद व्हायचा होता, तो ह्यांनी खाल्ला. तो काय कपाटात ठेवला होता परत द्यायला?"

"डॉक्टरांना माफ केलंत का?"

"नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "आणि पुढे 'पण' लिहू नकोस."

तिनं लिहिला नाही. रात्रीच संपादकांचा फोन आला. मॅनेजरचं म्हणणं, 'खिलाडूवृत्तीचा विजय' असं शीर्षक द्यावं. तिनं सांगितलं, शीर्षक 'निकालात दुरुस्ती' असं आहे, त्यातला एक शब्द हलला तर आधी माझं नाव काढा आणि मग मला. संपादक बराच वेळ पुटपुटले. रोज बसनं तिथवर जायला दुसरं कुणी तयार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. वृत्त जसंच्या तसं छापून आलं. संपादकांशी ती त्यानंतर कामापुरतंच बोलली.

डॉक्टरसाहेबांचे डोळे तपासले गेले, उत्तम निघाले. गाडी मिळाली. ऑपरेटरबाईंशी त्यांचा नमस्कार मात्र कायमचा तुटला. त्या क्रीडागृहात शिरल्या की ते बॅट पुसायला लागत.

पुढच्या आठवड्यात पेपरवाली आली, तर तिच्या खुर्चीभोवती सात-आठ माणसं आधीच जमलेली. बुद्धिबळवाले आजोबा सगळ्यांत पुढे, रागानं थरथरत.

"आमचंही लिही," ते म्हणाले. "हा माणूस सोंगटी उचलतो, परत ठेवतो, आणि दुसरीच हलवतो. इतकी वर्षं मी गप्प बसलोय."

"खोटं!" मागनं दुसरे ओरडले. "ह्यानंच परवा माझा उंट गिळला!"

"एकेकानं बोला," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. "आधी सांगा, डाव कुणी सुरू केला होता?"